खटका नसलेला चाकू

सकाळी 7.20
बाहेर चार अंश. ऑक्टोबरच आहे, पण ओब्राकचं पठार हजार मीटर उंचीवर, इथे थंडीला कारण लागत नाही. दक्षिण फ्रान्समधलं लायोल हे गाव 1,200 वस्तीचं. चौकात ब्राँझचा बैल उभा आहे आणि भोवतीनं चाकूंची दुकानं. एका दुकानाच्या मागे कारखाना, कारखान्यात चार टेबलं. खिडकीजवळचं टेबल तिचं. ती ॲप्रन बांधते, केस घट्ट वर घेते. फिरत्या पट्ट्यापाशी मोकळे केस चालत नाहीत.

7.40
पुढ्यात सहा चाकूंचे सुटे भाग. प्रत्येकाचं एक पातं, एक स्प्रिंग, दोन पितळी पट्ट्या, मुठीच्या टोकांना बसणारे पितळेचे तुकडे, शिंगाच्या दोन फाका, मूठभर खिळे. पाती पाणी देऊन आलेली आहेत. हजार अंशांच्या वर तापवून झटकन थंड केलेली, त्यामुळे आता कानस त्यांच्यावरून नुसती घसरते. सहा चाकू संध्याकाळपर्यंत जुळले तर बरा दिवस. इथे एक चाकू पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच्याच हाताखाली असतो. उत्तरेला तिएर गावात तसं नाही, तिथे पातं घासणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. या घाटाचे बरेचसे चाकू तिएरलाच होतात, पण हे लायोलच्या टेबलावर फार मोठ्यानं बोलायचं नाही.

8.00
शिंग. मुठीला शिंगाचं टोक लागतं, कारण तेवढंच भरीव असतं, बाकीचं शिंग पोकळ. एका टोकातून एक जोडी निघते, आणि दोन्ही फाकांचा रंग जुळायला हवा. ती फाक पट्ट्यावर धरते, दोन-तीन सेकंद घासते, पाण्यात बुडवते. पुन्हा. जास्त वेळ धरली तर शिंग तापतं आणि पिळतं. जळक्या केसांचा वास सुटतो. भुसा ओढायला पाइप आहे, तरी नाकाला रुमाल. एक फाक कडेला चिरली. ती काही बोलत नाही. जोडीदार फाकही तिच्यामागोमाग पेटीत जाते. एकटी कुणाच्या कामाची?

9.30
मुठीत बारीक पितळी खिळ्यांचा क्रूस ठोकते. गुराखी रानात चाकू भाकरीत रोवायचे आणि त्या क्रुसापुढे प्रार्थना करायचे, असं दुकानात सांगतात. ती सांगत नाही, ठोकते. मग कॉफी.

10.00
आता खरं काम. आपल्याकडे चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो, आणि रामपुरी म्हटलं की खटका. उघडलं की पातं अडकतं, खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. लायोलला खटका नाहीच. पाठीवरून एक लांब स्प्रिंग जाते. तिच्या टोकाशी आतल्या अंगाला बारीक उंचवटा, पात्याच्या मुळाशी तेवढीच खाच. पातं उघडलं की उंचवटा खाचेत बसतो. मिटवताना हातानं जोर द्यावा लागतो, पण जोर दिला की मिटतं. सगळी करामत ह्या दोन कडांच्या भेटीत.

ती कच्च्या खिळीवर चाकू जुळवते. उघडते, मिटते. कानाशी नेते. सोडवते, पात्याच्या मुळावरून दगड फिरवते, चार हात, जास्त नाही. पुन्हा जुळवते. उघड्या चाकूची पाठ सपाट हवी, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. मिटल्यावर पात्याची धार आत स्प्रिंगवर आपटता कामा नये. खाच सैल राहिली तर पातं डुलतं. घट्ट झाली तर म्हाताऱ्या माणसाला नखानं उघडत नाही. मोजायला यंत्र आहे, ते भिंतीवर टांगलेलं आहे.

शेजारी शिकाऊ पोरगा बसतो. त्यानं चाकू उघडला आणि पातं टपकन मिटू दिलं. तिनं मान वर केली. "वाजवू नकोस रे. हळू, हातानं मिट." पोरगा गप्प. पाचव्यांदा जुळल्यावर ती पक्की खिळी घालते, ऐरणीवर धरते आणि छोट्या हातोडीनं गोल गोल ठोकत खिळीचं डोकं पसरवते. एक घाव जास्त बसला तर पातं आवळतं. मग सगळी सकाळ वाया.

12.00
मशिनं बंद. दीड तास जेवण. अलिगो आहे, म्हणजे बटाट्याच्या लगद्यात ताजं चीज घोटून केलेला प्रकार. डाव वर उचलला की हातभर तार येते. मांस कापायला ती खिशातून स्वतःचा चाकू काढते, पावाला पुसून परत ठेवते. टेबलावरचे चाकू तसेच पडलेले.

पगाराचं विचारलं. 2025 चं किमान वेतन तासाला 11.88 युरो, कपातीआधी. "त्याहून जरा वर," ती म्हणते. आठवडा 35 तासांचा. गाडीच्या डिझेलबद्दल मात्र ती बराच वेळ बोलते.

1.30
दुपारचा हात मऊ कामाला. पुढच्या खेपेच्या स्प्रिंगा अजून पाणी न दिलेल्या, म्हणून कानशीला ऐकतात. व्हाइसमध्ये एक आवळते. त्रिकोणी कानस, मग गोल, मग बारीक सपाट. पाठीवर पानाची नक्षी उतरते. प्रत्येक कारागिराचे हात वेगळे, नक्षी बघून कुणाचा चाकू ते कारखान्यात ओळखतात. शेवटी माशी. स्प्रिंगच्या टोकावरची ही मधमाशी इथे स्प्रिंगच्याच लोखंडातून घडवलेली असते. स्वस्त चाकूवर ती वेगळी करून डकवतात. माशी नेपोलियननं बहाल केली अशी कथा आहे. कथा छान, पण माशी चाकूवर आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नेपोलियन जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर.

3.15
पुढे दुकानात पर्यटकांची बस. एक गृहस्थ भिंतीवरचा चाकू दाखवून किंमत विचारतात. शिंगाची मूठ, दीडशे युरोच्या आसपास. आपले पंधरा हजार. ते म्हणतात, विमानतळावर असाच दहाला मिळतो, माशीसकट, नावासकट. दुकानातली बाई हसते. 1993 मध्ये बाहेरच्या एका व्यापाऱ्यानं गावाचं नावच आपल्या मालासाठी नोंदवून घेतलं. 2012 मध्ये गावकऱ्यांनी निषेध म्हणून वेशीवरची पाटी उतरवली होती. गृहस्थ शेवटी घेतात, जावयाला द्यायला. बाई सांगते, त्याच्याकडून एक नाणं घ्या, फुकट दिलेला चाकू नातं कापतो.

4.00
मागच्या दारानं एक शेतकरी येतो. बुटांना शेण. चाकू टेबलावर ठेवतो, आजोबांचा. पातं घासून घासून निम्मं उरलंय. क्रूस नाही, नक्षी नाही. माशीच्या जागी नुसती सपाट चकती. बाजूला घडीचा टोचा आहे. गाय फुगली की पोटात खुपसून वायू सोडायला 1840 च्या सुमारास इथल्या चाकूंना टोचा जोडू लागले. बूच काढायचा स्क्रू त्यानंतरचा, 1880 चा. पठारावरचे लोक पॅरिसला जाऊन कोळसा आणि दारू विकू लागले, तेव्हाचा. या चाकूला तो नाही. आजोबा पॅरिसला गेले नव्हते.

पातं डुलतंय, एवढीच तक्रार. पोरगा पुढे वाकून विचारतो, हा लायोलच का? ती चाकू मिटते, उघडते, कानाशी धरते. "स्प्रिंग ऐक," म्हणते आणि त्याच्या हातात देते. मग परत घेऊन ऐरणीवर खिळीला तीन घाव घालते, तेलाचा थेंब सोडते. नवीन पातं घालू का? नको. धार? ती मीच लावतो. शेतकरी पाकीट काढतो. ती हातानंच नको म्हणते. तो गेल्यावर पोरगा विचारतो, याचं बिल कुठे लिहायचं.

4.40
सहापैकी पाच चाकू पॉलिश होऊन ट्रेमध्ये. सहाव्याला शिंगाची जोडी नाही. पट्टा झिजलाय, उद्या नवा लावायचा. ती ॲप्रन झटकते आणि डिझेल कुठे स्वस्त आहे ते फोनवर बघते.