विमानतळाचा रंगीत नकाशा आणि आपला गाळा

विक्रोळीत पूर्वेला कन्नमवार नगर, टागोर नगर आणि पश्चिमेला पार्कसाईट, सगळीकडे जुनी बांधकामे पाडून उंच इमारती उभारण्याचे वारे आहे. या वस्त्यांत तळमजल्यावर आपल्या अनेक बांधवांचे गाळे आहेत. कोणाचे कापडाचे दुकान, कोणाचे शिलाईकाम, कोणाचे वेल्डिंग. बिल्डर बैठकीत मजले सांगतो आणि आम्ही व्यापारी चौरस फूट विचारतो. पण इमारत किती वर चढणार, हे बिल्डर आणि महापालिका एवढेच ठरवीत नाहीत. सांताक्रूझचा विमानतळही ते ठरवितो.

हे बंधन नवीन नाही. १९३४ च्या विमान कायद्याच्या कलम ९-अ अन्वये विमानतळापासून २० किलोमीटरपर्यंतच्या बांधकामांवर, इतकेच काय झाडांवरही, बंधन घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला होता. (१ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे.) या अधिकारात ५ जानेवारी १९८८ ची अधिसूचना निघाली, नंतर १४ जानेवारी २०१० ची आणि त्यानंतर ३० सप्टेंबर २०१५ चे नियम आले. म्हणून 'शेजारची इमारत इतकी उंच आहे, मग आमची का नाही?' हा दावा चालत नाही. शेजाऱ्याची परवानगी कदाचित जुन्या अधिसूचनेखालची असेल.

नकाशा काय सांगतो?

धावपट्टीच्या भोवती सुमारे ४ किलोमीटरपर्यंत जणू एक अदृश्य छत आहे. त्याची उंची विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर. त्यापुढे हे छत दर २० मीटर अंतराला १ मीटर या हिशेबाने आणखी १०० मीटर चढते. विमाने ज्या दिशेने उतरतात व उडतात, तिथे नियम अधिक कडक असतात. रडार व इतर यंत्रांसाठी वेगळी बंधने असतात.

हा सगळा हिशेब सामान्य माणसाला जमणारा नाही. म्हणून भारतीय विमानतळ प्राधिकरणाने शहराच्या नकाशावर चौकटी आखून त्यांत रंग भरले आहेत. प्रत्येक रंग म्हणजे एक ठरलेली उंची. त्या उंचीपर्यंत महापालिका स्वतः मंजुरी देऊ शकते. त्याहून वर जायचे असेल, किंवा जागा लाल चौकटीत असेल, तर प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

खरी गोम कुठे आहे?

नकाशातील उंची जमिनीपासून मोजलेली नसते, ती समुद्रसपाटीपासून असते. कापडाच्या थानावर २० मीटरचा शिक्का असला तरी सुरुवातीचा खराब तुकडा वजा करूनच आम्ही भाव करतो. इथेही जमिनीची उंची आधी वजा करावी लागते.

समजा, नकाशात १०० मीटर लिहिले आहे. (हा आकडा फक्त हिशेबासाठी.) खाडीकडच्या सपाट भागातील जमीन ५ मीटरवर असेल तर इमारतीला ९५ मीटर मिळाले. पार्कसाईटच्या टेकडीवर जमीन ५० मीटरवर असेल तर उरले फक्त ५०. त्यात पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना, विजेपासून रक्षण करणारा दांडा, सगळे आले. त्यासाठी ५ मीटर सोडले आणि एक मजला ३ मीटरचा धरला, तर खाली ३० मजले आणि टेकडीवर १५. रंग एकच, पण मजले निम्मे!

पुनर्विकासाचा खर्च वरचे मजले विकूनच निघतो. ते कमी झाले की बिल्डरचा हिशेब तुटतो. काम रखडते, भाडे थांबते आणि गाळेवाल्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. घरवाल्याला घर उशिरा मिळते. पण धंदेवाल्याचा धंदा एकदा उठला की तो पुन्हा बसवायला वर्षे लागतात.

आणखी एक गोष्ट. ना-हरकत प्रमाणपत्रात जागेचे अक्षांश-रेखांश व जमिनीची उंची अर्जदाराने दिलेली असते. ती बरोबर आहे याची जबाबदारी प्राधिकरण घेत नाही. माहिती चुकीची निघाली तर प्रमाणपत्र रद्द ठरते आणि नियमांखाली वरचा भाग पाडण्याची कारवाई होऊ शकते. ही नुसती कागदी धमकी नाही. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे उंचीची मर्यादा ओलांडणारे भाग पाडण्याचा आदेश उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना दिला होता.

सही करण्यापूर्वी

करारनाम्यावर सही करण्याआधी सोसायटीमार्फत या गोष्टी लेखी मागाव्यात:

१. आपला भूखंड नकाशात कोणत्या रंगात येतो? (नकाशा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो.)

२. जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची कोणी मोजली?

३. ना-हरकत प्रमाणपत्र मिळाले आहे की फक्त अर्ज केला आहे? त्यात किती मीटर आणि किती मुदत लिहिली आहे?

४. उंची कमी मिळाली तर आपले क्षेत्रफळ, गाळ्याची जागा आणि भाडे यांचे काय होईल?

चौथा मुद्दा करारनाम्यात शब्दांनी लिहिलेला हवा. 'बघू, मिळून जाईल' हे उत्तर धंद्यात चालत नाही.

देण्याघेण्याचा मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा हुकूम सूरह अल-बकरामध्ये आहे आणि मापात खोट करणाऱ्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद आहे. गज-मीटरचे माप आम्ही रोज सांभाळतो. जिच्यावर मुलाबाळांची रोजी अवलंबून आहे, त्या इमारतीचे मापही तितक्याच काळजीने तपासून घ्यावे. एक कागद मागायला लाज कसली?