तारेभोवती काय गुंडाळावं?

गाणं सुरू होण्याआधीच स्पीकरमधून एक संथ घुमघुम ऐकू येते. आपल्याकडे घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. ही घुमघुम बहुधा तिचीच. मग घरी केबल तयार करणारी हौशी मंडळी हाताला येईल ते तिच्यावर गुंडाळतात. मीही केबली जोडतो, म्हणून सांगतो : गुंडाळण्याआधी आवाज कोणत्या वाटेनं शिरतो ते ओळखावं.

पहिली वाट विद्युतक्षेत्राची. आतल्या तारेभोवती तांब्याची विणलेली जाळी घालून ती ग्राउंडला जोडली की ही वाट बंद होते. नुसती गुंडाळलेली जाळी कामाची नाही. ॲल्युमिनियमची फॉइल पूर्ण झाकते खरी, पण सतत वाकवली तर फाटते. शिवाय तिला साधं सोल्डर धरत नाही. तिच्याला लागून एक उघडी तार सोडावी लागते.

दुसरी वाट चुंबकीय क्षेत्राची. ट्रान्सफॉर्मरजवळचं हे क्षेत्र तांब्याच्या जाळीतून जवळपास आरपार जातं. इथे उपाय आवरणाचा नाही. जाण्या-येण्याच्या दोन तारांना घट्ट पीळ द्यावा, अंतर राखावं आणि विजेची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

तिसरा त्रास गिटार किंवा माइकची केबल हलवल्यावर होणाऱ्या खरखरीचा. आतलं प्लास्टिक आणि जाळी एकमेकांवर घासून विद्युतभार तयार होतो. म्हणून चांगल्या केबलीत धक्के शोषायला सुती धाग्याचं भरण असतं आणि जाळीखाली कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचा थर असतो. टोकाशी सोल्डर करताना हा थर थोडा मागेपर्यंत सोलावा. तो आतल्या तारेला टेकला तर सिग्नल गळतो.

स्पीकरच्या वायरला यातलं काही लागत नाही. तिथला सिग्नल इतका जोरकस असतो की घुमघुम त्यापुढे नगण्य ठरते. त्यावर पैसे घालवू नयेत.

एवढं करूनही घुमघुम राहिली, तर दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह हे कारण असू शकतं. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर लावून पाहावीत, नाहीतर सिग्नलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. पण प्लगची अर्थची पिन कधीही काढू नये. आवाज थांबेल, मात्र उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरेल आणि माइक धरलेल्या गायकाच्या जिवावर बेतेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)