लिहिणारे यंत्र की वाचणारे?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला जो पूर आला, त्याने बडोद्यातल्या पुष्कळ घरांच्या चुली विझवल्या. आमच्याही तळमजल्यात पाणी शिरले. भांडीकुंडी धुऊन घेता आली, गाद्या टाकून दिल्या; परंतु टेबलाच्या खालच्या खणात दोन हार्ड डिस्क होत्या, त्यांचे काय करावे ते कळेना. तीर्थरूपांनी स्पूलच्या यंत्रावर मुद्रित केलेल्या आत्याच्या ओव्या, घरची गुरुवारची भजने, पणजोबांच्या वेळचे मोडी कागद, लग्नकार्यांची छायाचित्रे, असे सारे आम्ही मोठ्या हौसेने त्यांत उतरवून ठेवले होते. एकीची नक्कल दुसरीत, आणि दोन्ही एकाच खणात! जाणकाराने खटपट करून कागद व छायाचित्रे बरीचशी परत मिळवून दिली. आवाज मात्र गेले. मूळ फिती तर उतरवून घेतानाच तुटत होत्या.

उरले ते चार डीव्हीडींपुरते. पुतण्याने २०११ साली सहज लिहून ठेवलेल्या या तबकड्या त्याच खणात चिखलाने माखलेल्या सापडल्या. स्वच्छ पाण्याने धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि यंत्रात घातल्या, तो आत्याचा आवाज खोलीत उमटला. कोणी काही बोलेना. सुमारे आठ तासांचे गाणे वाचले; शंभरावर तास बुडाले.

“काका, राहिलेले सारे आता तबकड्यांवर घालू या,” पुतण्या म्हणाला. “तुम्ही फक्त कोणता रायटर आणायचा ते ठरवा.” मला वाटले, हे काम अर्ध्या तासाचे. ते दोन महिन्यांचे निघाले.

आमच्याजवळ उरलेला संग्रह ६०० जीबींचा. सीडीवर ७०० एमबी मावतात, म्हणजे साडेआठशेवर सीडी लागल्या असत्या. ४.७ जीबींच्या डीव्हीडी १२८ लागतात. ब्लू-रे तबकडीवर २५ जीबी मावतात, म्हणजे चोवीस पुरतात. आणि बीडीएक्सएल जातीच्या १०० जीबींच्या घेतल्या तर अवघ्या सहा. हा चमत्कार किरणाच्या बारीकपणाचा आहे. सीडी वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीची ६५०, आणि ब्लू-रेच्या जांभळट किरणाची ४०५. बोरू बारीक तितकी एका पानावर अक्षरे अधिक, हे आमच्या फडातल्या कारकुनांनाही ठाऊक होते.

तथापि मजकूर किती मावतो यापेक्षा शाई कशाची आहे, हे पाहणे अगत्याचे. लिहिता येणाऱ्या सीडी-डीव्हीडींत सेंद्रिय रंगाचा थर असतो. ऊन व उष्णता यांनी तो विटतो. नेहमीच्या ब्लू-रे तबकडीत धातूयुक्त, असेंद्रिय थर असतो व तो अधिक टिकाऊ. वेष्टनावर ‘एलटीएच’ अशी अक्षरे असली, तर मात्र आत पुन्हा सेंद्रिय रंगच आहे असे समजावे. ‘एम-डिस्क’ नावाच्या तबकडीला तिचे कर्ते हजार वर्षांची ग्वाही देतात. हजार वर्षे कोणी पाहिली आहेत? शिवाय तिची डीव्हीडी लिहावयास त्यासाठीच बनविलेला रायटर लागतो. आणखी एक सूचना: सीडीवर छापील बाजूने बॉलपेनने नाव घालू नये. तिचा मजकूर त्याच बाजूला, पातळ लेपाखाली असतो.

मी आधी १०० जीबींकडे झुकलो होतो. सहाच तबकड्या, केवढी सोय! पुतण्याने विचारले, “आणि वीस वर्षांनी त्या वाचणार कशावर, काका?” बीडीएक्सएल तबकडी जुन्या साध्या ब्लू-रे यंत्राला वाचता येत नाही, २५ जीबींची कोणत्याही ब्लू-रे यंत्राला वाचता यावी. एक बिघडली तरी नुकसान चोविसाव्या हिश्शाचे. इथे माझा सारा हिशेबच बदलला. मी लिहिणारे यंत्र शोधीत होतो. शोधावयास हवे होते वाचणारे. पॅनासॉनिकने २०२३ साली आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनविणे बंद केले. ज्या मालाचे कारखाने मिटू लागले, त्याचे यंत्र एकच घेणे म्हणजे कुलपाला एकच किल्ली ठेवणे.

म्हणून आम्ही एकाच जातीची दोन यंत्रे घेतली. संगणकाच्याच विजेवर चालणारी पातळ, प्रवासी यंत्रे नव्हेत. स्वतंत्र वीजजोडणीची, टेबलावर पाय रोवून बसणारी. बीडीएक्सएलही वाचतील अशी, कारण पुढे कोण काय आणून देईल ते सांगता येत नाही. एक वापरात, दुसरे बांधून माळ्यावर.

लिहिताना अतिवेगाचा मोह टाळला. चौपट वेगाने २५ जीबी लिहावयास सुमारे तेवीस मिनिटे लागतात. लिहिलेले पुन्हा वाचून ताडून पाहण्यासह पाऊण तास. रोज संध्याकाळी दोन, असे चोवीस दिवसांत दोन संच झाले. प्रत्येक फाईलच्या मजकुरावरून संगणक एक खूणअंक काढतो; तो आम्ही वहीत व तबकडीवर दोन्हीकडे नोंदला. कीर्दीच्या पानाखाली बेरीज मारतात, तसेच हे. एक अक्षर फिरले तरी बेरीज जुळत नाही.

दुसरा संच इंदुरास धाकट्या बहिणीकडे पाठविला. आमच्याच गावच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली, ती अनेक ठिकाणच्या पोथ्या ताडून. पोथ्या एकाच खणात असत्या, तर ताडावयाला काय उरते? हे गावातले उदाहरण डोळ्यांसमोर असून आम्हाला पुराने शिकवावे लागले.

आता घरात नियम केला आहे. खंडेनवमीला हत्यारांबरोबर दोन्ही रायटरही पाटावर ठेवावयाचे, माळ्यावरचे खाली आणून चालवून पाहावयाचे, चोवीसही तबकड्या लावून बेरजा जुळवावयाच्या. जी जुळणार नाही, तिची नक्कल इंदूरच्या संचावरून त्याच आठवड्यात. गेल्या खंडेनवमीला सर्व जुळल्या. शेवटी आत्याची ओवी लावली, आणि तिला कधीही न पाहिलेल्या नातीने विचारले, “आजोबा, ही कोण?”