प्लॅस्टिक गांडूळ (मासेमारीचे आमिष)

प्लॅस्टिक गांडूळ हे गळाने मासे धरण्यासाठी वापरले जाणारे मऊ व लवचिक कृत्रिम आमिष आहे. उत्तर अमेरिकेतील बास या गोड्या पाण्यातील माशाच्या हौशी मासेमारीत त्याचा प्रामुख्याने वापर होतो. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी १९४९ साली तयार केलेले गांडूळ हे या प्रकारातील व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी ठरलेले पहिले आमिष मानले जाते. धातूच्या किंवा लाकडाच्या आमिषांप्रमाणे प्लॅस्टिक गांडूळ चकाकत नाही, आवाज करत नाही आणि पाण्यातून सरळ ओढल्यास फारशी हालचालही करत नाही. त्याची उपयुक्तता त्याच्या मऊपणात आहे. मऊपणामुळे गळाचे टोक आमिषाच्या अंगातच लपवता येते, ते दाट पाणवनस्पतींतून व बुडालेल्या झाडांतून सहसा न अडकता फिरवता येते, आणि मासा ते तोंडात घेतल्यावर लगेच बाहेर टाकत नाही. मात्र आमिष खोल गिळले जाऊन माशाला इजा होणे आणि तुटलेले प्लॅस्टिक पाण्यात दीर्घकाळ साचून राहणे हे दोन प्रश्नही याच गुणांतून निर्माण झाले आहेत.

नाव

वलयांकित लांबट शरीरामुळे या आमिषाला गांडूळ हे नाव मिळाले. पाण्यातील मासा त्याला गांडूळच समजतो, असे मात्र नाही. बासच्या आहारात लहान मासे, झिंग्यासारखे क्रेफिश, बेडूक, जळवा व सॅलॅमँडर असे अनेक प्राणी येतात. लांबट, मऊ आणि सावकाश हलणारे हे आमिष त्यांपैकी कोणत्याही भक्ष्याचा आभास निर्माण करू शकते.

बास मासा

या आमिषाचे मुख्य लक्ष्य असलेला मोठ्या तोंडाचा बास हा सनफिश कुळातील मासा आहे. त्याचे शास्त्रीय नाव दीर्घकाळ मायक्रॉप्टेरस साल्मॉइडीस असे मानले जात होते. मिसिसिपी नदीचे खोरे, पंचमहासरोवरांचा परिसर आणि अमेरिकेचा आग्नेय भाग हे त्याचे मूळ क्षेत्र होय. जॉर्जिया राज्याचा हा राज्यमासा असून फ्लॉरिडा राज्याचा गोड्या पाण्यातील राज्यमासाही तोच आहे. लहान तोंडाचा बास आणि ठिपकेदार बास या त्याच्या जवळच्या प्रजाती आहेत. कोकणातील खाड्यांत मिळणाऱ्या जिताडा या माशाला इंग्रजीत आशियाई सीबास म्हणतात. परंतु तो वेगळ्या कुळातील मासा असून त्याचा या बासशी निकटचा संबंध नाही.

मोठ्या तोंडाचा बास हा दबा धरून शिकार करणारा मासा आहे. उघड्या पाण्यात भक्ष्याचा लांबवर पाठलाग करण्यापेक्षा पाणवनस्पती, पाण्यात पडलेली झाडे, खडक किंवा धक्क्यांचे खांब यांच्या आडोशाला थांबून जवळून जाणारे भक्ष्य टिपणे त्याला सोयीचे पडते. भक्ष्य टप्प्यात आल्यावर तो अत्यंत वेगाने तोंड उघडतो. त्यामुळे मुखपोकळीतील दाब एकदम घटतो आणि पाण्यासह भक्ष्य आत ओढले जाते. पाणी कल्ल्यांवाटे बाहेर पडते. तोंडात आलेली वस्तू खाण्याजोगी नसल्यास तितक्याच झटकन ती बाहेर फेकली जाते. आडोशाची सवय आणि शोषून घेण्याची ही रीत या दोन गोष्टींवर प्लॅस्टिक गांडुळाचे सारे तंत्र आधारलेले आहे.

इतिहास

रबरापासून कृत्रिम गांडुळे बनवण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९व्या शतकातही झाले होते. परंतु त्या काळचे रबर ताठ असल्यामुळे पाण्यात त्याची हालचाल जिवंत वाटत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिनाइल प्रकारचे मऊ प्लॅस्टिक सहज उपलब्ध झाले. ॲक्रन हे शहर रबर उद्योगाचे मोठे केंद्र होते. तेथे निक क्रीम आणि त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनी व्हिनाइल, तेले व रंग यांच्या मिश्रणातून साच्यात गांडुळे ओतण्याची पद्धत विकसित केली. पुढे त्यांचा व्यवसाय टेक्सास राज्यातील टायलर शहरी विस्तारला.

टेक्सासमधील जलाशयांनी या आमिषाला त्याचे आजचे रूप दिले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेथे अनेक मोठी धरणे बांधली गेली. अँजेलिना नदीवरील सॅम रेबर्न आणि सॅबीन नदीवरील टोलेडो बेंड हे विस्तीर्ण जलाशय १९६०च्या दशकात निर्माण झाले. अशा जलाशयांत जंगलाचा बराच भाग न तोडताच पाण्याखाली गेला. बुडालेल्या या झाडांत बास मोठ्या संख्येने वाढले, परंतु अनेक उघडे गळ असलेली तत्कालीन आमिषे फांद्यांत अडकून तुटत. गळाचे टोक गांडुळाच्या अंगात लपवण्याची युक्ती या अडचणीतून रुजली. ती पुढे टेक्सास जोडणी या नावाने सर्वत्र प्रसिद्ध झाली.

अलाबामा राज्यातील युफॉला येथील टॉम मान यांच्या जेली वर्म या आमिषानेही प्लॅस्टिक गांडुळाच्या प्रसारास हातभार लावला. रे स्कॉट यांनी १९६७ साली आर्कान्सा राज्यातील बीव्हर सरोवरावर बास मासेमारीची स्पर्धा भरवली. अशा स्पर्धांमुळे आमिषे व जोडण्या यांविषयीची माहिती देशभर वेगाने पसरू लागली. १९९०च्या दशकात गॅरी यामामोतो यांचे सेन्को हे आमिष लोकप्रिय झाले. शेपटी अथवा पंख नसलेल्या या जाडसर कांडीत मीठ मिसळलेले असते. केवळ बुडताना होणारी हलकी थरथर हीच तिची हालचाल होय.

घटक व निर्मिती

बहुतेक प्लॅस्टिक गांडुळे प्लॅस्टिसॉल या पदार्थापासून बनवतात. पॉलिव्हिनाइल क्लोराइडची बारीक भुकटी प्लॅस्टिसायझर म्हणजे मऊपणा आणणाऱ्या तेलकट द्रवात मिसळून प्लॅस्टिसॉल तयार होते. हे दुधाळ मिश्रण सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर पारदर्शक व दाट होते. मग ते ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतून थंड केले जाते. द्रवाचे प्रमाण वाढवल्यास आमिष अधिक मऊ होते, परंतु लवकर फाटते. मिश्रण प्रमाणाबाहेर तापल्यास करपते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो. त्यामुळे घरी गांडुळे ओतणाऱ्यांनी खेळती हवा असलेल्या जागीच हे काम करणे आवश्यक असते.

मिश्रणात रंग, चमकी, गंधद्रव्ये आणि मीठ घातले जाते. मिठामुळे आमिषाची घनता वाढते व ते शिशाच्या वजनाशिवायही बुडते. आमिषांची लांबी साधारणतः १० ते ३० सेंटिमीटर असून १५ ते १८ सेंटिमीटर लांबीची गांडुळे सर्वाधिक वापरली जातात. काहींची शेपटी सरळ असते, तर काहींची विळ्यासारखी वळलेली व पातळ असते. अशी शेपटी आमिष पुढे सरकताना फडफडते. गढूळ पाण्यात काळा, गडद निळा असे रंग निवडण्याची आणि स्वच्छ पाण्यात हिरवट, तपकिरी व अर्धपारदर्शक छटा वापरण्याची प्रथा आहे. बासच्या डोळ्यांत लाल व हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या दोन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यामुळे दुकानांत मिळणारे असंख्य रंगभेद माशाला माणसासारखे वेगवेगळे दिसतीलच असे नाही.

जोडणीच्या पद्धती

टेक्सास जोडणी : बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, आरपार छिद्र असलेले वजन तंगुसात ओवून खाली गळ बांधला जातो. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात सुमारे अर्धा सेंटिमीटर खुपसून बाजूने बाहेर काढतात. डोके गळाच्या वरच्या वाकापर्यंत सरकवून गळ उलटा फिरवतात आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात रुतवतात. गांडूळ सरळ राहणे महत्त्वाचे असते. ते वाकडे बसल्यास पाण्यात गरगर फिरते आणि तंगुसाला पीळ पडतो.

कॅरोलायना जोडणी : यात वजन गळाच्या बरेच वर असते आणि दोहोंमध्ये तंगुसाचा मोकळा तुकडा ठेवलेला असतो. वजन तळाला घासत जाते, तर आमिष त्याच्यामागे तरंगत येते. खोल व मोकळ्या तळाचा मोठा भाग धुंडाळण्यासाठी ही जोडणी उपयोगी पडते.

वॅकी जोडणी : गळ गांडुळाच्या मध्यभागी आडवा टोचला जातो. आमिष बुडताना त्याची दोन्ही टोके थरथरतात.

ड्रॉप शॉट : वजन तंगुसाच्या शेवटी आणि गळ त्याच्या काही अंतर वर असतो. वजन तळाशी टेकलेले राहते आणि लहान गांडूळ एकाच जागी हलवत ठेवता येते. खोल व स्वच्छ पाण्यात ही पद्धत विशेष वापरली जाते.

वजने पूर्वी शिशाची असत. आता टंगस्टनचाही वापर होतो. टंगस्टन शिशापेक्षा बरेच घन असल्याने तेवढेच वजन लहान आकारात मिळते. ते कठीण असल्यामुळे तळाचा खडक, चिखल किंवा लाकूड यांतील फरकही हाताला अधिक स्पष्ट जाणवतो.

वापराचे तंत्र

प्लॅस्टिक गांडूळ सावकाश वापरले जाते. आमिष आडोशाजवळ टाकल्यावर ते तळाला टेकेपर्यंत बुडू देतात. मासा अनेकदा या बुडण्याच्या काळातच आमिष घेतो, म्हणून तंगुसावर लक्ष ठेवावे लागते. तळाला टेकल्यावर काठीचे टोक हळूच वर उचलून आमिष थोडे पुढे आणतात, पुन्हा पडू देतात आणि सैल झालेला तंगूस रिळावर गुंडाळतात. आमिष हलवण्याचे काम काठीचे असते. रीळ केवळ ढिलाई काढण्यासाठी फिरवले जाते.

मासा लागल्याची खूण बहुधा सूक्ष्म असते. हाताला एखादी टिचकी जाणवते, तंगूस एका बाजूला सरकू लागतो किंवा आमिष अकारण जड वाटते. आमिष अपेक्षित खोलीआधीच बुडायचे थांबले, तर तेही माशाने ते घेतल्याचे लक्षण असू शकते. टेक्सास जोडणीत गळाचे टोक आधी प्लॅस्टिकमधून आणि नंतर माशाच्या जबड्यात शिरायचे असते. त्यासाठी ढिलाई काढून काठीला जोराचा हिसका द्यावा लागतो.

कठीण आमिष तोंडात जाताच माशाला ते परके असल्याचे जाणवते. मऊ, खारट आणि दाबले जाणारे गांडूळ तो अधिक वेळ तोंडात धरतो. ही वाढीव सवड मासेमाराच्या पथ्यावर पडते. पण हिसका देण्यास उशीर झाल्यास मासा आमिष गिळून टाकतो.

माशांना होणारी इजा

रे स्कॉट यांच्या स्पर्धांतून १९७२पासून पकडलेले मासे जिवंत सोडण्याच्या प्रथेचा पुरस्कार होऊ लागला. अमेरिकेतील हौशी मासेमार आज बहुतेक बास पुन्हा पाण्यात सोडतात. अशा मासेमारीत सोडलेला मासा जगतो की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ओठात किंवा जबड्यात रुतलेला गळ काढल्यास मासा सहसा जगतो. कल्ले, घसा किंवा अन्ननलिकेत गळ रुतल्यास रक्तस्राव होऊन मृत्यूचा धोका पुष्कळ वाढतो. तंगूस सैल ठेवून वापरल्या जाणाऱ्या वॅकी जोडणीत मासा लागल्याचे उशिरा कळते, म्हणून तेथे हा धोका अधिक असतो.

तंगुसावर सतत लक्ष ठेवणे, हालचाल जाणवताच हिसका देणे आणि गळाचा काटा पकडीने दाबून ठेवणे हे उपाय सुचवले जातात. खोल रुतलेला गळ बळजबरीने ओढण्यापेक्षा तंगूस जवळून कापून मासा सोडणे अनेकदा कमी घातक ठरते. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्याने मासा पाण्याबाहेर ठेवण्याचा वेळही शक्य तितका कमी ठेवावा लागतो.

पर्यावरणीय परिणाम

एक-दोन मासे लागल्यावर गांडुळाचे डोके फाटते आणि ते निकामी होते. फेकून दिलेली किंवा गळातून निसटलेली गांडुळे तळाशी साचतात. पॉलिव्हिनाइल क्लोराइड पाण्यात सहजासहजी कुजत नाही. असे तुकडे मासे गिळतात आणि ते पोटात अडकून राहू शकतात. ब्रूक ट्राउट या माशावरील प्रयोगात बंदिस्त ठेवलेल्या माशांनी हे तुकडे आपणहून खाल्ले आणि त्यांच्या वाढीवर विपरीत परिणाम झाला. अमेरिकेच्या मेन राज्यात २०१३ साली अशा आमिषांवर बंदी घालण्याचे विधेयक मांडले गेले. बंदी मात्र आली नाही आणि राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाकडे या विषयाचा अभ्यास सोपवण्यात आला.

शिशाच्या वजनांचा प्रश्न वेगळा आहे. लून हे पाणपक्षी लहान वजने गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात. या कारणास्तव न्यू हॅम्पशायरसह काही राज्यांनी मासेमारीतील लहान शिशाच्या वजनांवर निर्बंध घातले आहेत. जैवविघटनशील म्हणून विकली जाणारी आमिषेही बाजारात आहेत. मात्र वापरलेली गांडुळे खिशात किंवा डब्यात ठेवून परत आणणे हाच सर्वांत साधा उपाय आहे. निरनिराळ्या प्रकारची गांडुळे एकत्र ठेवल्यास रंग एकमेकांत उतरतात आणि काही कठीण प्लॅस्टिकचे डबे त्यांच्या संपर्काने विरघळतात.

जपानमधील स्थिती

जपानमध्ये बास १९२५ साली आकाबोशी तेत्सुमा यांनी आशी सरोवरात आणून सोडला. नंतर तो देशभर पसरला आणि त्याच्या मासेमारीभोवती मोठा उद्योग उभा राहिला. त्याच वेळी बिवा सरोवरासारख्या ठिकाणी स्थानिक माशांना त्याच्यापासून धोका निर्माण झाला. बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तेथे २००३पासून पकडलेला बास पुन्हा सरोवरात सोडण्यास मनाई आहे. २००५ साली अमलात आलेल्या परकीय आक्रमक प्रजातींच्या कायद्यानुसार बासची वाहतूक, पालन व नव्या ठिकाणी सोडणे यांवर देशभर निर्बंध आहेत. त्यामुळे मासा जिवंत सोडणे हे अमेरिकेत संवर्धन मानले जाते, तर बिवा सरोवरात ते नियमभंग ठरते.

मोठ्या तोंडाच्या बासचा वजनाचा जागतिक विक्रम या दोन देशांत विभागलेला आहे. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंस वजनाचा मासा पकडला. मानाबू कुरिता यांनी २ जुलै २००९ रोजी बिवा सरोवरात २२ पौंड ५ औंस वजनाचा मासा पकडला. जुना विक्रम मोडण्यासाठी किमान २ औंसांचा फरक आवश्यक असल्याने दोन्ही विक्रम बरोबरीचे मानले जातात. यांपैकी एकही मासा प्लॅस्टिक गांडुळावर लागलेला नव्हता. पेरी यांचा मासा हे आमिष बाजारात येण्याच्या १७ वर्षे आधीचा आहे आणि कुरिता यांनी जिवंत ब्लूगिल मासा आमिष म्हणून वापरला होता.