मनोरुग्णालयातील शिकवणी

मनोरुग्णालयात दाखल असलेल्या व्यक्तीला औषध देणे हा उपचार, आणि त्या औषधाविषयी, आजाराविषयी, रोजच्या व्यवहाराविषयी तिला काही शिकवणे हे सवड मिळाल्यास करावयाचे काम, अशी उतरंड जगभरच्या रुग्णालयांत दीर्घकाळ होती आणि पुष्कळ ठिकाणी ती अद्याप टिकून आहे. गेल्या साठ वर्षांतील संशोधन मात्र या शिकवणीला उपचाराचाच दर्जा देते. शिवाय तिचे यश ती वॉर्डात किती नेटकी दिली गेली यापेक्षा ती वॉर्डाबाहेर, विशेषतः घरापर्यंत, पोचली की नाही यावर अधिक अवलंबून असते, असेही त्यातून दिसते.

या शिकवणीची दोन अंगे आहेत. मनोशिक्षण म्हणजे आजाराची लक्षणे, औषधांचे कार्य व दुष्परिणाम, तसेच झोप उडणे, संशय वाढणे, माणसे टाळणे यांसारख्या आजार उलटण्यापूर्वीच्या खुणा यांविषयी रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना प्रश्नोत्तरांतून दिलेली पद्धतशीर माहिती. कौशल्य प्रशिक्षणात संभाषण सुरू करणे, नकार देणे, डॉक्टरांपुढे तक्रार नेमकी मांडणे, पैशांचा हिशेब ठेवणे अशी कामे लहान लहान पायऱ्यांत विभागून प्रात्यक्षिकाने व सरावाने शिकवली जातात.

या दुसऱ्या अंगाचा गाजलेला प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ॲना स्टेट हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकात झाला. तेओदोरो आयलॉन आणि नेथन अझ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ दाखल असलेल्या स्त्रियांच्या वॉर्डात नीटनेटके राहणे, नेमलेले काम करणे यांसाठी टोकन देण्याची आणि त्या टोकनांच्या बदल्यात आवडीच्या वस्तू व सवलती मिळवू देण्याची व्यवस्था बसवली. निष्क्रिय मानल्या गेलेल्या स्त्रिया कामाला लागल्या, परंतु कामाचा टोकनशी असलेला संबंध तोडताच काम जवळजवळ थांबते, हेही त्यांच्याच प्रयोगांत आढळले. अशा व्यवस्थांपुढे नैतिक प्रश्नही उभा राहिला, कारण जेवण, अंथरूण किंवा एकांत हे बक्षीस असू शकते काय, याचे उत्तर केवळ मानसशास्त्र देऊ शकत नव्हते. अलाबामातील वायट विरुद्ध स्टिकनी या खटल्यात संघीय न्यायालयाने १९७२ मध्ये अशा मूलभूत सोयी हा रुग्णाचा हक्क ठरवला आणि रुग्णालय चालवण्यासाठी त्याच्याकडून बिनमोल श्रम करून घेण्यास मनाई केली. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही रुग्णावर कामाची सक्ती करता येत नाही आणि त्याने काम केल्यास योग्य मोबदला द्यावा लागतो. व्यवसायोपचाराच्या नावाखाली झाडलोट करून घेणे आणि कौशल्य शिकवणे यांतील सीमा त्यामुळे स्पष्ट झाली आहे.

गॉर्डन पॉल आणि रॉबर्ट लेंट्झ यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाहेर पडण्याची आशा सोडून दिलेल्या दीर्घकालीन रुग्णांपैकी सामाजिक शिक्षणाच्या, म्हणजे टोकन आणि कौशल्यांची शिकवणी यांची सांगड घालणाऱ्या, वॉर्डातील नव्वद टक्क्यांहून अधिक बाहेर जाऊन टिकले, तर नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयात हे प्रमाण निम्म्याहून कमी राहिले. एवढा स्पष्ट निष्कर्ष असूनही फार थोड्या रुग्णालयांनी तो मार्ग धरला. त्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला प्रशिक्षण द्यावे लागते आणि बारीकसारीक नोंदी ठेवाव्या लागतात, हे त्याचे एक उघड कारण.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कौशल्ये पायरीपायरीने शिकवण्याच्या याच विचारातून विषयवार पाठमाला तयार केल्या. चित्रफीत पाहणे, भूमिका वठवून सराव करणे, अडचण आल्यास मार्ग शोधणे, अखेरीस प्रत्यक्ष परिस्थितीत ते करून पाहणे आणि गृहपाठ असा त्यांचा क्रम होता. रुग्णालयातील मुक्काम जसजसा आखूड झाला, तसतशी केवळ घरी जाण्याच्या तयारीची सोळा सत्रांची स्वतंत्र पाठमालाही बनली, कारण बाहेर पडल्यानंतरची पहिली तपासणीच अनेकांच्या हातून निसटते.

घर का महत्त्वाचे, हे पिट्सबर्ग येथील जेरार्ड होगार्टी, कॅरल अँडरसन आणि सहकाऱ्यांच्या १९८६ च्या अभ्यासावरून कळते. स्किझोफ्रेनियाच्या सर्वच रुग्णांना औषध चालू असताना, पहिल्या वर्षात केवळ औषधोपचार व नेहमीचा आधार मिळालेल्यांपैकी ४१ टक्क्यांचा आजार उलटला. कौशल्य प्रशिक्षण मिळालेल्यांत हे प्रमाण २० टक्के, कुटुंबाला मनोशिक्षण मिळालेल्यांत १९ टक्के आणि दोन्ही मिळालेल्यांत शून्य होते. दुसऱ्या वर्षी केवळ कौशल्य शिकलेल्यांचा फायदा ओसरला, कुटुंबही शिकलेल्यांचा बऱ्याच अंशी टिकला. म्युनिक येथे रुग्णालयात दाखल असलेल्या २३६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी प्रत्येकी आठ सत्रांचे वेगवेगळे वर्ग घेतले गेले, आणि दोन वर्षांत फेरदाखल होणाऱ्यांचे प्रमाण ५८ ऐवजी ४१ टक्क्यांवर आले. नव्या औषधाने एवढे साधले असते, तर त्याचा गाजावाजा निश्चितच अधिक झाला असता.

या दिशेने भारताने टाकलेले पाऊल पाश्चात्त्य चाचण्यांच्या आधीचे आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारातील तंबूंत रुग्णांसह राहू दिले आणि सर्वांना एकत्र बसवून आजाराविषयी बोलण्याचा प्रघात पाडला. त्यामागे मनुष्यबळाची आणि जागेची टंचाई होती, म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

महाराष्ट्रातील ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांना लागू असलेला २०१७ चा कायदा सांगतो, की कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणास्तव कोणालाही संस्थेत ठेवता येणार नाही. मात्र ज्यांना न्यायला कोणी येत नाही, त्यांच्यासाठी वॉर्डातील शिकवणी पुरत नाही. राहण्याची जागा आणि सोबत देणारी संक्रमणगृहे नसतील, तर शिकलेले कौशल्य वापरण्यास ठिकाणच उरत नाही. ज्यांना घर आहे त्यांच्याबाबत याच कायद्याचे ९८ वे कलम, घरी सोडण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी आणि तो ज्यांच्याकडे राहणार त्या कुटुंबीयांशी पुढील उपचारांविषयी विचारविनिमय करावा, असे बंधन घालते. ज्यांचे माणूस दाखल आहे त्यांनी ही चर्चा कागदावर सही करण्यापूर्वी मागून घ्यावी, आणि औषध कोणते, किती दिवस, आजार उलटण्याच्या खुणा कोणत्या व पहिली तपासणी कधी, हे लिहून घेऊनच घरी निघावे.