नाणे काय सांगते आणि आपण काय ऐकतो

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून रोमन नाणे विकत आणले आणि विचारले, “सर, हे येशूच्या वेळचे तेच नाणे ना?” आज आपण या ‘तेच’चा विचार करू.

नाणे सम्राट तिबेरियसचे. चांदीचा देनारियस, वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला सम्राटाचा चेहरा आणि ‘दैवत झालेल्या ऑगस्टसचा पुत्र’ अशी अक्षरे. दुसऱ्या बाजूला बसलेली स्त्री आणि सम्राटाची पदवी, प्रमुख पुरोहित. संग्राहक याला ‘ट्रिब्यूट पेनी’ म्हणतात. सीझरला कर द्यावा का, या प्रश्नावर येशूने देनारियस मागवून त्यावरची प्रतिमा दाखवली, तो प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. १६११च्या इंग्रजी बायबलने देनारियसला ‘पेनी’ म्हटले, तिथून हे नाव आले.

आता बघा, बायबलात फक्त ‘सीझर’ आहे. कोणता, ते सांगितलेले नाही. आधीच्या ऑगस्टसची नाणीही चलनात होतीच. म्हणजे ‘तेच’ हा आपला तर्क झाला, नाण्याची साक्ष नव्हे.

मग नाणे निरर्थक ठरते का? मुळीच नाही. ऑगस्टसही नाण्यांवर स्वतःला दैवत झालेल्या ज्युलियस सीझरचा पुत्रच म्हणवीत होता. एकच देव मानणाऱ्या यहुद्याच्या हातात अशी अक्षरे पडली, की प्रश्न नुसत्या कराचा राहत नाही, निष्ठेचा होतो. हे कळायला ‘तेच’ नाणे लागत नाही.

गंमत अशी, की याच दोन सम्राटांच्या देनारियसांचे मोठे साठे आपल्याकडे तामिळनाडूत, कोइमतूरच्या परिसरात सापडले. इथे ते व्यापारातून आले. इथल्या व्यापाऱ्याला सम्राटाच्या देवपणाशी काय देणेघेणे? त्याने चांदी पारखली.

नाणे एकच, पण जेरुसलेमात त्याचा अर्थ वेगळा, कोइमतूरला वेगळा. म्हणून ते कुठे, कशासोबत सापडले, ही नोंद महत्त्वाची. चोरून खणलेले नाणे बाजारात येते तेव्हा चांदी उरते, साक्ष पुसली जाते. आपल्याकडे तर १८७८च्या कायद्यानुसार सापडलेले गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.

त्या विद्यार्थ्याला आम्ही उलट एवढेच विचारले, “हे सापडले कुठे?” त्याच्याकडे उत्तर नव्हते. नाणे घेण्याआधी आपण हा प्रश्न विचारायला हवा.