शेणखताने मातीतलं शिसं निघून जातं का?

वरणगाव आणि दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र एकाच भुसावळ तालुक्यात. कोळशाच्या राखेत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक थोड्या प्रमाणात असतात. राख शेतात साचली, की 'भरपूर शेणखत टाका, माती साफ होईल' हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

धातू कुजत नाही. शेणखतातला ह्यूमस शिसं आणि कॅडमियम धरून ठेवतो, त्यामुळे पिकाच्या मुळांना ते कमी मिळतात. केळीची खोडं कमी हवेत जाळून केलेला कोळसा, म्हणजे बायोचार, हेच काम जास्त काळ करतो. खोडांना खानदेशात काय तोटा! पण धातू राहतो मातीतच.

आर्सेनिकचं तर उलटंच. कंपोस्टमुळे ते कधी कधी सुटं होऊन पाण्यात उतरतं. म्हणून आधी तपासणी, मग खत. मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्या 12 घटकांत जस्त, तांबं आहे, शिसं किंवा आर्सेनिक नाही. जड धातूंची तपासणी प्रयोगशाळेला वेगळी सांगावी लागते.

खतही पारखून घ्या. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्येच शिसं असू शकतं; खत नियंत्रण आदेशात त्याची मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम आहे.